‘चांगलं ते टिकतंच’? कॅसेट, रेकॉर्ड आणि एका गृहीतकाची तपासणी



लिटरेचर रिव्ह्यूवर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, रिव्ह्यू म्हणजे सारांश नाही हे कळलं. पण टीका करायची म्हणजे नेमकं काय करायचं? एवढ्या मोठ्या लोकांच्या पुस्तकांत आम्ही काय चुका काढणार?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून देते.

उदाहरण माझ्या पीएचडीच्या विषयातलं नाही. मी पॉलिमरवाली. प्लॅस्टिक, रबर, चिकटद्रव्यं जुनी होताना आतून काय बदलतं ते बघणं हे माझं काम. आजचा विषय आहे लोकप्रिय संगीताचा वारसा. लोकांची गाणी आठवणीत कशी राहतात, जतन कशी होतात, आणि या दोन गोष्टी एकच आहेत का? या वाचनात मी पडले ती एका कॅसेटमुळे, आणि खरं सांगायचं तर माझ्याच चुकीमुळे.

आधी ती चूक

माझा मोठा मामा तरुणपणी गायन पार्टीत गायचा. चौदा एप्रिलच्या मागेपुढे महिनाभर त्यांची पार्टी गावोगाव फिरायची. मामा मुख्य गायक, एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि कोरसला तिघं. १९८८ साली सगळ्यांनी पैसे जमवून एक कॅसेट काढली. दोन्ही बाजू मिळून आठ गाणी. काही शे प्रती निघाल्या आणि जयंतीच्या कार्यक्रमांतच विकल्या गेल्या. रेकॉर्डिंग करून देणारा स्टुडिओ कधीच बंद पडला, मूळ टेपचं काय झालं कुणालाच माहीत नाही. मामाकडे एकच प्रत उरली होती, पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमखाली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी ती मागून घेतली. "मामा, मी यातच पीएचडी करतेय, टेपचं काय होतं ते मला माहितीय," असं मोठ्या तोऱ्यात म्हणून. ओळखीतून एक जुना डेक आणला, कॅसेट घातली, बटण दाबलं. मिनिटभर आवाज आला, मग घरघर, आणि मी बटण शोधेपर्यंत टेप आत ओढली गेली. सोडवून काढली तेव्हा साधारण सव्वादोन मीटर पट्टी चुरगळून ताणलेली होती. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे सुमारे ४७ सेकंद गेले. आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच पट्टीवर असतात. ए बाजूचं पहिलं गाणं जिथे असतं, तिथेच उलट्या दिशेने बी बाजूचं शेवटचं. त्यामुळे ४७ सेकंद दोनदा गेले.

मामा रागावला नाही. "जाऊ दे गं. गाणं मला पाठ आहे," एवढंच म्हणाला.

मला वाईट वाटलंच, पण त्याच्या वाक्याने जास्त छळलं. गाणं पाठ असेल तर नेमकं काय गेलं? आणि काही गेलंच नसेल, तर मला एवढं अपराधी का वाटतंय?

गृहीतक वेगळं काढा

टीकेची पहिली पायरी ही की लोक जे न तपासता बोलतात ते वाक्य उचलून समोर ठेवायचं. गाण्यांच्या बाबतीत ते वाक्य आहे: "चांगलं ते टिकतंच." दिवाळी पहाटेला निवेदक हे म्हणतो, रविवारच्या पुरवणीत हे छापून येतं, आमच्या लॅबच्या चहाच्या टेबलावरही हे ऐकलंय. मीही म्हणत होते.

आता याच्याकडे गृहीतक म्हणून बघा. हे खोटं ठरायचं असेल तर काय दिसायला हवं? एखादं चांगलं गाणं नष्ट झालेलं दिसायला हवं. पण नष्ट झालेलं गाणं चांगलं होतं हे ऐकल्याशिवाय ठरवणार कसं? म्हणजे वाक्याची रचनाच अशी आहे की ते कधी खोटं ठरूच नये. जे टिकलं त्यालाच आपण चांगलं म्हणतो आणि मग म्हणतो, बघा, चांगलं टिकलं.

आमच्या लॅबच्या भाषेत सांगते. समजा मी वीस नमुने ओव्हनमध्ये तापवून जुने केले. बारा तिथेच तडकले. उरलेल्या आठांची ताकद मोजली आणि थिसिसमध्ये लिहिलं, ‘हे पॉलिमर फार मजबूत आहे’. गाईड मला वहीसकट बाहेर काढतील. तडकलेले बारा कुठायत? छेद कुठाय? वारशाबद्दलच्या बहुतेक बोलण्यात हा छेदच गायब असतो.

आठवण वेगळी, जतन वेगळं

इथे एक संकल्पना फार उपयोगी पडते. जर्मन अभ्यासक अलाइडा आसमान यांनी सांस्कृतिक स्मृतीचे दोन भाग सांगितले: कॅनन आणि आर्काइव्ह. कॅनन म्हणजे समाज जे पुन्हा पुन्हा वापरतो, शिकवतो, गातो ते. आर्काइव्ह म्हणजे जे साठवून ठेवलेलं असतं, रोज कुणी बघत नाही, पण लागलं तर सापडतं. संग्रहालयाचं उदाहरण घ्या. दालनात मांडलेल्या वस्तू कॅनन, आतल्या गोदामातल्या वस्तू आर्काइव्ह.

मराठी लोकप्रिय संगीतात कॅननचं सगळ्यांत पक्कं उदाहरण ‘गीतरामायण’. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला चालून ५६ गीतांवर थांबलं. त्यानंतर जाहीर कार्यक्रम झाले, रेकॉर्ड निघाल्या, पुस्तक निघालं, इतर भाषांत अनुवाद झाले. आज सत्तर वर्षांनंतरही चैत्रात कुठे ना कुठे कार्यक्रम असतोच. हे टिकलं यात कुणाचं दुमत नाही.

पण थोडं जवळून बघा. आपल्या बहुतेकांच्या कानात जे गीतरामायण आहे ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं. मूळ रेडिओवरची मालिका अनेक आवाजांत होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे असे निरनिराळे गायक निरनिराळ्या पात्रांची गीतं गायले होते. म्हणजे इतकं प्रसिद्ध, इतकं सन्मानित काम, आणि तरी आपल्याला ‘पाठ’ आहे ती नंतरची आवृत्ती. मूळ सादरीकरणाच्या जागी नंतरचं येऊन बसलं आणि आपल्याला बदल जाणवलाही नाही.

यात बाबूजींच्या गाण्याला काही कमीपणा येत नाही. मुद्दा एवढाच की आठवण जोरात चालू असताना जतनाकडे दुर्लक्ष होऊ शकतं. किंबहुना आठवण जोरात असते म्हणूनच कुणाला गोदामात डोकवावंसं वाटत नाही. गीतरामायणाची ही गोष्ट, तर काही शे प्रतींच्या कॅसेटचं काय?

जरा केमिस्ट्री

गाणी कशावर साठवली होती हा प्रश्न संगीताच्या अभ्यासात अनेकदा तळटीपेत जातो. माझ्या मते तो मुख्य मजकुरात हवा.

भारतातलं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात सुरू झालं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग आले आणि गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला. त्या तबकड्या शेलॅकच्या. शेलॅक म्हणजे आपली लाख, किड्यापासून मिळणारी, आणि तिचा मोठा पुरवठादार भारतच होता. तबकडीत लाख थोडी, बाकी दगडाची बारीक पूड, काजळी वगैरे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. हातातून पडली तर फुटणार. पण कोरड्या जागी, उभी, नीट ठेवली तर ती रासायनिकदृष्ट्या बरीच स्थिर असते. शंभर वर्षांपूर्वीची तबकडी आजही वाजते.

मग आली चुंबकीय टेप. जुन्या रीळ टेपचा आधार सेल्युलोज ॲसिटेटचा असायचा. तो दमट हवेत विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड सोडतो. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, आणि सुटलेलं ॲसिड पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतं. नंतर आधार पॉलिस्टरचा आला, तो बराच टिकाऊ. पण चुंबकीय कण धरून ठेवणारं पॉलियुरेथेन बाइंडर काही टेपमध्ये पाणी शोषून फुटतं. एस्टरचा बंध, पाणी, ॲसिड आणि अल्कोहोल. बीएस्सीला शिकलेलं हायड्रॉलिसिसच. टेप चिकट होते, हेडवर लेप सोडते. अशा टेप ५० ते ५५ अंश सेल्सिअसला काही तास तापवून तात्पुरत्या वाजत्या करतात आणि तेवढ्या वेळात कॉपी उतरवून घेतात. (ॲसिटेटच्या टेपला मात्र असं कधीही करायचं नसतं.)

मामाच्या कॅसेटचंही हेच झालं असणार असं मी आठवडाभर सगळ्यांना ठासून सांगत होते. मग विभागातल्या एका अनुभवी तंत्रज्ञ काकांनी कॅसेट उघडून दाखवली. बाइंडर ठीक होतं. चिकट टेपचा हा आजार मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही रीळ टेपचा. साध्या कॅसेटमध्ये तो इतका आढळत नाही. इथे झालं होतं ते भलतंच साधं. टेपला हेडवर दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी असते, तिचा गोंद सुटून ती पडली होती. शिवाय पट्टीच्या कडेला बुरशी धरली होती आणि एक चाक अडखळत होतं. नवीन कवच घालून पट्टी हलवली असती तर सगळी आठ गाणी पूर्ण निघाली असती. मी माझ्या थिसिसमधलं उत्तर समोरच्या वस्तूवर लादलं होतं. ही टीका माझ्यावरच, पण नोंदवून ठेवा: आपल्याला जे येतं तेच समोर घडलंय असं मानणं हा संशोधकाचा सगळ्यांत जुना आजार आहे.

आता तुलना करा. १९०५ ची श्रीमंताघरची तबकडी आणि १९८८ ची गरिबाघरची कॅसेट. दुसरी आधी संपते. यात गाण्याच्या गुणवत्तेचा काडीचा संबंध नाही. लाख, गोंद, बुरशी, किती प्रती निघाल्या, कपाट होतं की पत्र्याची पेटी, यांचा आहे. गृहीतकाला पहिला तडा इथे गेला.

मॅन्युएल यांचं पुस्तक: कौतुक आणि तक्रार

भारतातल्या कॅसेटबद्दल वाचायचं तर पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक टाळताच येत नाही. त्यांचा भर उत्तर भारतावर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कॅसेट येण्याआधी रेकॉर्डचा बाजार जवळजवळ एकाच मोठ्या कंपनीच्या हातात होता आणि त्यात हिंदी सिनेसंगीताचं वर्चस्व होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, शेकडो लहान उत्पादक उभे राहिले, आणि ज्या बोलींना, ज्या जातीसमूहांना, ज्या गावच्या प्रकारांना रेकॉर्ड कंपनीच्या दारात उभं केलं नसतं त्यांची गाणी बाजारात आली. निर्मितीचं विकेंद्रीकरण झालं. मात्र याच माध्यमातून द्वेषाचा प्रचारही पसरला, हेही ते स्पष्ट सांगतात.

महाराष्ट्रात हे सहज ताडून बघता येतं. भीमगीतं, कोळीगीतं, लोकगीतं, भक्तिगीतं यांच्या कॅसेटी एसटी स्टँडवर, जत्रेत, चैत्यभूमीच्या रस्त्यावर मिळायच्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटवरून वस्तीवस्तीत पोचला, पुढे आनंद शिंदे यांचा. विठ्ठल उमप यांच्यासारखे शाहीर ऐकले गेले. माझ्या मामाची पार्टी हे त्याच लाटेचं अगदी छोटं टोक.

आता टीका. पहिला नियम: लेखकाने जो प्रश्न घेतला नाही त्याबद्दल त्याला नापास करायचं नाही. मॅन्युएल निर्मिती आणि प्रसार यांबद्दल लिहितायत. त्यांच्यासमोर कॅसेट ताजी होती, तिच्या म्हातारपणाची काळजी करायचं कारण नव्हतं. पण त्यांचा युक्तिवाद पुढे नेला तर एक गैरसोयीचा निष्कर्ष निघतो, आणि तो आज आपण काढायला हवा. निर्मिती विकेंद्रित झाली तर नाशही विकेंद्रित होतो. मक्तेदारीने अनेकांचे आवाज बाहेर ठेवले, पण ज्यांना आत घेतलं त्यांच्या मूळ प्रती, क्रमांक, कॅटलॉग एका जागी राहिले. म्हणूनच ते पुन्हा सीडीवर आले, मग ॲपवर आले. कॅसेटने हजारोंना आत घेतलं, पण त्यांची वही कुणीच ठेवली नाही. लहान उत्पादक बंद पडला की मास्टर टेप गेली. घरातल्या कॅसेटवरही भावाच्या लग्नाचं नाहीतर पोराच्या बोबड्या बोलांचं रेकॉर्डिंग चढलं.

म्हणजे मक्तेदारी बरी होती का? अजिबात नाही. विकेंद्रित निर्मितीला विकेंद्रित जतनाची जोड मिळाली नाही, एवढंच माझं म्हणणं. ग्रंथालयवाल्यांचं एक साधं तत्त्व आहे, की प्रती जास्त तितकी वस्तू सुरक्षित. गंमत बघा, कॅसेटच्या जमान्यात कंपन्यांनी ज्याला चोरी म्हटलं त्या घरगुती कॉपीनेच कित्येक गाणी वाचली असतील. मामाच्या कॅसेटची कुणी चोरून कॉपी केली असती तर आज मी त्याचे आभार मानले असते.

मग जपतंय कोण?

संस्था आहेत. गुडगावचं ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ १९८२ पासून काम करतं, आकाशवाणीचा स्वतःचा संग्रह आहे. पण लोकप्रिय संगीताचा मोठा भार हौशी माणसांनीच उचललाय. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. तिचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे सुरेश चांदवणकर मूळचे टीआयएफआरमधले भौतिकशास्त्राचे. (विज्ञानवाल्यांनो, छंदाला कमी लेखू नका.) ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने हजारो मराठी गाण्यांचे शब्द आणि श्रेय नीट नोंदवलंय. आणि यूट्यूबवर जुन्या कॅसेटी चढवणारे असंख्य अनामिक लोक.

अभ्यासकांनी याला नावं दिलीत. लॉराजेन स्मिथ यांनी २००६ मध्ये ‘अधिकृत वारसा-विमर्श’ ही संकल्पना मांडली: वारसा काय हे तज्ज्ञ आणि शासन ठरवतात आणि मग ते नैसर्गिक वाटू लागतं. लेस रॉबर्ट्स आणि सारा कोहेन यांनी २०१४ मध्ये ती लोकप्रिय संगीताला लावून अधिकृत, स्वयंघोषित आणि अनधिकृत अशा तीन थरांचा विचार केला. सारा बेकर यांनी जगभरच्या हौशी संग्रहांचा अभ्यास करून ‘स्वतःच करा’ पद्धतीच्या वारशावर पुस्तक लिहिलं. हे थर बदलूही शकतात. किंग्स्टनच्या वंचित वस्त्यांतलं रेगे २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

हे साहित्य मला आवडतं, पण एक तक्रार आहे. हौशी जतनाचं कौतुक करताना त्याचा ठिसूळपणा मागे पडतो. यूट्यूबवरचं गाणं दाबलेल्या स्वरूपात असतं, वर्ष, वादक, कॅसेटचा क्रमांक बहुधा नसतो, आणि एक खातं बंद झालं की शंभर गाणी एका रात्रीत जातात. कॅसेट निदान हळूहळू मरते.

त्यात कायदा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६४ पर्यंतच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांवरचा तो आता संपलाय, पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना त्यांच्याकडे आधीच असलेल्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली. चांगली तरतूद आहे. पण पत्र्याची पेटी हे सार्वजनिक ग्रंथालय नव्हे. मामाच्या कॅसेटचं ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०४९ ला मुक्त होईल. तोवर पट्टीवर काय उरेल, हा प्रश्न कायद्याला पडत नाही.

सगळ्यांत मजबूत आक्षेप

टीका लिहिताना स्वतःच्या बाजूला सगळ्यांत जास्त दुखेल असा आक्षेप शोधून त्याला उत्तर द्यायचं. ‘सगळंच जपायचं का?’ हा सोपा आक्षेप. निवड लागणारच, पण आत्ताची निवड पैसा, शहर, जात आणि कपाट यांनी आधीच केलेली आहे, तिला गुणवत्तेचं नाव देऊ नका, एवढं उत्तर पुरतं.

अवघड आक्षेप मामाचा आहे. गाणं मला पाठ आहे. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांची गीतं आधी कशावर जगली? वह्यांवर आणि गळ्यांवर. दर जयंतीला ती नव्याने गायली जातात, चाल थोडी बदलते, नवीन पोरं नवीन ठेका घालतात. या परंपरेला गोदामाची गरज काय? उलट एक रेकॉर्डिंग ‘मूळ’ म्हणून शिक्का मारून ठेवलं तर जिवंत गाणं गोठायचं. गीतरामायणाबद्दल मी वर जी तक्रार केली तीही यात अडकते. नंतरच्या आवृत्तीने पहिलीची जागा घेतली तर बिघडलं काय, परंपरा अशीच चालते.

या आक्षेपाला मी बराच काळ उत्तर देऊ शकले नाही. शेवटी मामाला ते नुकसान झालेलं गाणं गायला सांगितलं. गायला. चौसष्टाव्या वर्षीही आवाज छान लागला. तिसरं कडवं मात्र विसरला, आणि चौथं भलत्याच गाण्यातलं आहे असं मामीने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं.

म्हणजे पाठ आहे हेही तपासावं लागतं. पण तेवढ्यावर आक्षेप खोडला असं म्हणणं अप्रामाणिक होईल, कारण कडवं वहीत सापडलं. शब्द खरोखरच गेले नव्हते.

आणि मग बी बाजू

तंत्रज्ञ काकांनी पट्टी नवीन कवचात घातली, बुरशी साफ केली, हेडचा कोन जुळवला. आम्ही पूर्ण कॅसेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये, न दाबता उतरवली. तासाभराची फाइल जेमतेम एक जीबीची. तीन प्रती, तीन ठिकाणी. दोन गाण्यांत ४७-४७ सेकंद खरखर आहे, ती तशीच ठेवली, जोडून सारवली नाही.

मग ती मामाला ऐकवली. बी बाजूच्या दुसऱ्या गाण्यात कोरस उचलतो तिथे त्याने हात वर करून थांबवायला सांगितलं. पुन्हा लाव म्हणाला. कोरसमधला एक आवाज बाकीच्यांपेक्षा किंचित आधी सुरू होतो. तो त्याचा मित्र, पंचवीस वर्षांपूर्वी वारलेला. "हा नेहमी घाई करायचा," मामा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "हे मला पाठ नव्हतं."

माझं उत्तर मला तिथे मिळालं. गाणं आणि सादरीकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाणं गळ्यात आणि वहीत टिकू शकतं, कदाचित बदलत राहूनच टिकतं, आणि तिथे मामाचा आक्षेप बरोबर आहे. पण त्या दिवशीची ती माणसं, ती घाई, ती ढोलकी हे फक्त पट्टीवर असतं. ‘वारसा जपला’ म्हणणाऱ्याने दोन्हींपैकी नेमकं काय जपलं ते सांगायला हवं. आणि ‘चांगलं ते टिकतंच’ हे वाक्य यांपैकी कशाबद्दलच खरं नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय कुठलाही असो, हे चार प्रश्न चालतील. एक, दाव्यातला मुख्य शब्द (इथे ‘टिकणं’) एकाच अर्थाने वापरलाय का? दोन, छेद कुठाय, म्हणजे जे उरलं नाही त्याची मोजदाद कुणी केलीय का? तीन, लेखकाचा युक्तिवाद त्याच्या काळाच्या पुढे नेला तर काय निघतं? चार, तुमच्या मताला सगळ्यांत जास्त दुखवणारा आक्षेप तुम्ही स्वतः लिहिलाय का? एवढं केलंत तर मोठ्या माणसाच्या पुस्तकावर टीका करताना घाबरायचं कारण नाही. ती चुका काढणं नसतं, त्यांचं काम एक पाऊल पुढे नेणं असतं.

आणि घरी जुनी कॅसेट असेल तर कृपा करून माझ्यासारखं आधी ‘प्ले’ दाबू नका. उजेडात धरून बुरशी दिसतेय का बघा, आतली छोटी गादी जागेवर आहे का बघा, पेन्सिलीने हळूच चाक फिरवून बघा. शंका आली तर जाणकाराला दाखवा. आणि गाणारं माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसून वादकांची, कोरसची नावं लिहून घ्या. फाइल नंतरही बनते, ही यादी नंतर बनत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. पुढच्या पोस्टमध्ये छेद कसा शोधायचा, म्हणजे सॅम्पलिंगबद्दल बोलू.